हँडहेल्ड स्कॅनरचं घड्याळ भरकटतंय. एकाच मॉडेलचे दोन, आणि दोघांची वेळ वेगळी

ओहायोचा_बंड्या (धागाकर्ता)

मंडळी, इथे रेडिओवाले आणि सर्किटवाले बरेच आहेत म्हणून विचारतो.

मी कोलंबस, ओहायोला असतो. हौशी रेडिओचा परवाना आहे, पण खरा नाद ऐकण्याचा. या राज्यात 'मार्क्स' नावाची डिजिटल रेडिओ यंत्रणा आहे. गावोगावची अग्निशमन दलं, रुग्णवाहिका, बर्फ हटवणाऱ्या गाड्या असे कितीतरी जण तिच्यावर बोलतात. ज्या चॅनेलना कुलूप नाही, ते स्कॅनरवर, म्हणजे चॅनेल धुंडाळत ऐकवणाऱ्या रेडिओवर, ऐकता येतात. स्कॅनर ऐकलेलं सगळं एसडी कार्डवर टिपतो. प्रत्येक संभाषणाची वेगळी फाइल आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ.

माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन हँडहेल्ड आहेत. एक घरात टेबलावर, दुसरा बारा महिने गाडीत. नवीन वर्ष लागल्यावर दोघांची घड्याळं मोबाईल समोर धरून सेकंदाला सेकंद लावली. फेब्रुवारीच्या मध्यावर बर्फाचं वादळ झालं. त्या रात्रीची रेकॉर्डिंगं जुळवायला बसलो, तर तोच डिस्पॅच (गाड्या धाडणाऱ्या केंद्राचा निरोप), तोच आवाज, आणि गाडीतल्या स्कॅनरवर वेळ ६:४१, टेबलावरच्यावर ६:४३! मोबाईलशी ताडून पाहिलं तर टेबलावरचा सुमारे ५० सेकंद पुढे आणि गाडीतला सुमारे ८० सेकंद मागे.

तर प्रश्न असे. एवढ्या महागड्या वस्तूला पन्नास-शंभर रुपयांच्या मनगटी घड्याळाइतकी तरी वेळ पाळता येऊ नये? हाच डबा ८५० मेगाहर्ट्झवरचा चॅनेल बरोबर पकडतो, मग सेकंद मोजताना कुठे माशी शिंकते? आणि एकच मॉडेल असून एक पुढे, एक मागे असं का? (कंपनीचं नाव घेत नाही. इतर कंपन्यांचे स्कॅनर असलेल्या मित्रांचीही हीच रड आहे.)

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कुंपणावरचा

मिनिटभर इकडचं तिकडे झालं तर बिघडतं काय? आमच्या घरात तीन भिंतीवरची घड्याळं आहेत, तिन्ही वेगळी वेळ दाखवतात. संसार चालू आहे.

ओहायोचा_बंड्या

@कुंपणावरचा, नुसतं ऐकायचं असेल तर काही बिघडत नाही. पण वादळात आधी काय झालं आणि नंतर काय, सायरन आधी वाजला की तार आधी तुटली, हे दोन ठिकाणच्या रेकॉर्डिंगवरून लावायचं असेल तर दोन मिनिटं म्हणजे अख्खी गोष्ट उलटी होते.

मी_फक्त_वाचतो

वाखूसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सर्किटराव

बंड्याभाऊ, मी हिंजवडीत याच कामाची भाकरी खातो, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो.

तुमच्या स्कॅनरमध्ये दोन वेगळी काळजं आहेत. एक रेडिओचं. ८५० मेगाहर्ट्झवर दशलक्षात एक भाग, म्हणजे १ पीपीएम, चुकलं तर ८५० हर्ट्झची चूक होते. तिथे २० पीपीएमचा क्रिस्टल (ठरावीक वेगाने थरथरणारा क्वार्ट्झचा तुकडा) टाकला तर रिसीव्हर १७ किलोहर्ट्झ घसरेल आणि साडेबारा किलोहर्ट्झच्या खोपटातून थेट शेजाऱ्याच्या घरात जाईल. म्हणून तिथे तापमानाची भरपाई करणारा ऑसिलेटर, टीसीएक्सओ, घालावाच लागतो. तो नसेल तर स्कॅनर विकलाच जाणार नाही.

दुसरं काळीज घड्याळाचं. स्कॅनर बंद असतानाही त्याला चालावं लागतं, तेही मायक्रोअँपिअरच्या हिशेबात. टीसीएक्सओ चोवीस तास चालू ठेवला तर बॅटरी बसेल. म्हणून तिथे येतो ३२,७६८ हर्ट्झचा चिमटा-क्रिस्टल. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोब्बर सेकंदाला एक ठोका मिळतो. तुमच्या मनगटावर, भिंतीवर, सगळीकडे हाच. किंमत चिल्लर.

या क्रिस्टलवर सहसा २० पीपीएमची हमी असते. दिवसाचे ८६,४०० सेकंद. २० पीपीएम म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला ५० च्या वर, वर्षाला साडेदहा मिनिटं. म्हणजे तुमचे दोन्ही स्कॅनर फार नियमबाह्य वागत नाहीयेत. टेबलावरचा सहा आठवड्यांत ५० सेकंद पुढे, म्हणजे साधारण १४ पीपीएम. हमीच्या आत.

आता गाडीतला. चिमटा-क्रिस्टल साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद चालतो. त्यापेक्षा गार झालं की मंदावतो आणि *गरम झालं तरीही* मंदावतो. आलेख काढला तर उलटी वाटी. चूक फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: दर अंश-वर्गाला सुमारे ०.०३५ पीपीएम. कोलंबसला जानेवारी-फेब्रुवारीत सरासरी शून्याच्या आसपास धरू. २५ चा वर्ग ६२५, गुणिले ०.०३५, झाले २२ पीपीएम. सहा आठवड्यांत ८० सेकंद मागे. तुमचा आकडा तोच आहे.

आणि उन्हाळ्यात तोच स्कॅनर काचेखाली ६० अंशांवर तापला तर? ३५ चा वर्ग १,२२५. सुमारे ४३ पीपीएम. तितका वेळ तो दिवसाला पावणेचार सेकंदांच्या चालीने मागे पडेल. हिवाळ्यातली तूट उन्हाळ्यात भरून निघेल या आशेवर राहू नका, दोन्हीकडून तोटाच आहे.

मनगटी घड्याळाचं म्हणाल तर ते हुशार नाही, नशीबवान आहे. माणसाचं मनगट त्याला वर्षभर २५-३० अंशांच्या आसपास ठेवतं.

घड्याळजी_नाशिक

सर्किटराव, अगदी बरोबर. वडिलांच्या दुकानात लहानपणापासून बसलो आहे. क्वार्ट्झ घड्याळ हातातून काढून गोदरेजच्या कपाटात ठेवलं की थंडीत त्याची चाल बदलते, हे गिऱ्हाईकाला पटवणं हा अर्धा धंदा आहे.

पण मंडळी, टेबलावरचा पुढे का गेला याचं उत्तर राहिलं. तापमानाने घड्याळ पुढे जाऊ शकत नाही, मागेच पडतं. पुढे गेलं म्हणजे क्रिस्टलच मुळात जरा जलद, नाहीतर त्याला जोडलेले कपॅसिटर जुळलेले नाहीत. जुन्या क्वार्ट्झ मशीनमध्ये एक बारीक ट्रिमर असायचा, मोहरीएवढा, आडवी चीर असलेला. चाचणी यंत्रावर घड्याळ ठेवायचं, बिनलोखंडी स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर केसभर फिरवायचा आणि दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते आकड्यात बघायचं. जास्त फिरवला तर गिऱ्हाईक आठ दिवसांत परत. आता ट्रिमर गेले, कारखान्यातच चिपला सांगून ठेवतात की अमुक ठोक्यांनंतर थोडे ठोके गाळ.

सर्किटराव

@घड्याळजी_नाशिक, काका, मनातलं बोललात. क्रिस्टल साडेबारा पिकोफॅरडच्या (पिकोफॅरड हे कपॅसिटरचं माप) भारासाठी बनवलेला असेल आणि बोर्डावर त्याला कमी पडलं तर तो पुढे धावतो, जास्त मिळालं तर मागे. बोर्डावरचे ट्रॅक आणि चिपचे पाय मिळून एक-दोन पिकोफॅरड सहज इकडेतिकडे होतात. सोल्डरिंगनंतर फ्लक्स नीट धुतला नाही आणि वर दमटपणा आला तर आणखी तमाशा. कोकणातल्या पावसाळ्यात एका यंत्राचं घड्याळ चक्क थांबलेलं पाहिलंय. बोर्ड धुऊन सुकवला आणि चालू झालं.

आता माझी खरी तक्रार. हल्ली मायक्रोकंट्रोलरमध्येच घड्याळाची चाल दुरुस्त करायची सोय असते. एसटीएम३२ घराण्यातल्या बऱ्याच चिपमध्ये तर जवळजवळ १ पीपीएमच्या पायरीने, दोन्ही दिशांना ४८७ पीपीएमपर्यंत. म्हणजे उत्पादकाने सेटिंगमध्ये 'घड्याळ सुधार: उणे १४' एवढा एक पर्याय दिला असता तर बंड्याभाऊंचा टेबलावरचा स्कॅनर महिन्याला दोन-तीन सेकंदांवर आला असता. सुटा भाग नको, जादा खर्च नको. फर्मवेअरमध्ये थोडं काम. पण ग्राहक खोक्यावर घड्याळाचा आकडा शोधत नाही, तो चॅनेल किती आणि बँड कुठले ते बघतो. त्यामुळे हे काम कुणाच्या यादीतच येत नाही.

लहरी_हवामान

पुण्यातून. आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींना हे दुखणं एफटी८ या संगणकी संदेशपद्धतीने चांगलंच शिकवलं. २०१७ साली तो प्रकार आला. १५ सेकंदांचे खण, त्यातले १२.६४ सेकंद प्रक्षेपण. दोन्ही बाजूंची घड्याळं सेकंद-दीड सेकंदापेक्षा जास्त सरकली तर पडद्यावर सिग्नल दिसतो पण उलगडत नाही. नवीन मुलं अँटेना बदलतात, केबल बदलतात, शेवटी कळतं की लॅपटॉपचं घड्याळ तीन सेकंद मागे होतं.

घरी इंटरनेट असेल तर प्रश्न नाही. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ देणारा, सर्व्हर आहे, लॅपटॉप त्याला जोडा. सिंहगडावर-राजमाचीवर बॅटरी घेऊन बसलात तर यूएसबीचा जीपीएस. मात्र जीपीएसलाही जोडल्या जोडल्या विश्वासात घेऊ नका. उपग्रहांचं घड्याळ लीप सेकंद (अधूनमधून जोडला जाणारा जादा सेकंद) मानत नाही, त्यामुळे २०१७ पासून ते यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. तो फरक उपग्रहच सांगतात, पण पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. थंड पडलेला रिसीव्हर तोवर काही सेकंद चुकीचे दाखवू शकतो. चहा होऊ द्यावा, मग घड्याळ लावावं.

बंड्या, अमेरिकेत तर कोलोरॅडोहून डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे वेळ सांगणारं केंद्र आहे. तेच लाव की.

ओहायोचा_बंड्या

@लहरी_हवामान, काका, ते १० मेगाहर्ट्झवर छान येतं, पण माझा हँडहेल्ड २५ च्या खाली उतरत नाही. गंमत म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूव्हीचं एक प्रायोगिक प्रक्षेपण नेमकं २५ मेगाहर्ट्झवर असतं, म्हणजे उंबरठ्यावर. आयनावरण मेहेरबान असलं तर दुपारी एएमवर टिकटिक ऐकू येते. मिनिटाच्या आधी एक पुरुषी आवाज वेळ सांगतो आणि मिनिटाला जरा लांब 'टूं' वाजतो. पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे आमच्या फ्रँकलिन काउंटीत दर बुधवारी दुपारी १२ ला वादळाचे सायरन तपासतात. सगळा गाव त्यावर घड्याळ लावतो. पण बटण माणूस दाबतो, तेव्हा काही सेकंद सोडूनच द्यायचे.

माइनकाठची

फ्रांकफुर्टहून हात वर करते. आमच्याकडे जवळच माइनफ्लिंगेनला ७७.५ किलोहर्ट्झचं डीसीएफ७७ हे वेळ सांगणारं रेडिओ केंद्र आहे. भिंतीवरची स्वस्तातली घड्याळंसुद्धा रात्री ते ऐकून स्वतःला लावून घेतात. स्कॅनरमध्ये तसला छोटा रिसीव्हर घालायला काय हरकत होती, असं उगाच वाटतं.

अवांतर: २०१८ च्या सुरुवातीला इथे उलटीच मजा झाली. ओव्हनची आणि रेडिओ-अलार्मची घड्याळं हळूहळू सहा मिनिटं मागे पडली. ही घड्याळं क्रिस्टलवर नाही, विजेच्या ५० हर्ट्झवर ठोके मोजतात. सर्बिया आणि कोसोवोच्या भांडणात जाळ्यात वीज कमी पडत राहिली आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सरासरी ४९.९९६ हर्ट्झ झाली. अर्ध्या युरोपातल्या स्वयंपाकघरांना एकदम उशीर! पुढे वारंवारिता किंचित वर ठेवून ते सेकंद परत केले. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांनी मात्र पहिल्या आठवड्यातच "तुमचा ओव्हन आळशी झालाय" म्हणून निदान केलं होतं.

कुंपणावरचा

@माइनकाठची, सासूबाईंना दंडवत.

अवांतरावर अवांतर: मुंबई तर १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे स्वतःची 'बॉम्बे टाइम' चालवत होती. तेव्हा कुणी धागा काढला नाही.

सह्याद्रीचा_कान

हे सगळं वाचून भारतात स्कॅनर मागवायची इच्छा झाली. कुठे मिळेल?

लहरी_हवामान

@सह्याद्रीचा_कान, थांबा. भारतात विनापरवाना बिनतारी उपकरण नुसतं बाळगायलाही १९३३ च्या कायद्यापासून बंदी आहे, २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही परवानगी लागतेच. आधी हॅमची परीक्षा द्या, मग बोलू. अमेरिकेतही न्यूयॉर्क, फ्लोरिडासारख्या राज्यांत गाडीतल्या स्कॅनरवर बंधनं आहेत. हॅमना त्यांत सूट आहे.

सर्किटराव

बंड्याभाऊ, आता उपायाचं बोलू. स्कॅनर उघडून क्रिस्टल बदलायच्या भानगडीत पडू नका. वॉरंटी जाईल आणि नवा क्रिस्टलही त्याच वाटीवरून घसरेल.

एक प्रयोग करा. दोन्ही स्कॅनरची जागा आठवडाभर बदला. माझा अंदाज: गाडीतला घरात आला की जवळजवळ बरोबर चालेल. टेबलावरचा १४ ने पुढे पळतो, तो गारठ्यात २२ ने मागे ओढला गेला की निव्वळ ८ ने मागे, म्हणजे आठवड्याला पाचेक सेकंद.

कायमचं हवं असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आरटीएल-एसडीआर हा यूएसबीचा रेडिओ रिसीव्हर लावून रेकॉर्डर करा, त्याला वेळ इंटरनेटवरून मिळेल. गाडीत इंटरनेट नसेल तर डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं मॉड्यूल जोडा. या चिपच्या पोटात क्रिस्टलही आहे आणि थर्मामीटरही. दर ६४ सेकंदांनी तापमान बघून ती स्वतःची चाल सुधारते. शून्य ते ४० अंशांत २ पीपीएम, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. बाजारात जे निळं स्वस्त मॉड्यूल मिळतं त्यावर सेल चार्ज करायची वाट काढलेली असते: एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर. लोक त्यात साधा सीआर२०३२ घालतात. तो चार्ज करायचा सेल नव्हे. ५ व्होल्टवर चालवणार असाल तर तो रेझिस्टर आधी काढून टाका, नाहीतर सेल फुगेल.

पत्रे_सर

शिक्षक आहे, गणित शिकवतो. रेडिओतलं कळत नाही, पण मला वाटतं तुम्ही प्रश्न अवघड करून घेताय.

दोन्ही स्कॅनरनी *एकच* संभाषण टिपलंय ना? मग घड्याळ कशाला हवं? त्या संभाषणाची वेळ दोन्हींत किती वेगळी आहे ते बघा, तोच फरक. वादळाच्या सुरुवातीला एक सामाईक संभाषण घ्या, शेवटी एक घ्या, आणि मधल्या फाइली सरळ रेषेने सरकवा. दुवे जितके जास्त तितकं बरं. ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लाटा वर-खाली ठेवल्या तर डोळ्यांनीच जुळतात.

सर्किटराव

सर, साष्टांग. हेच उत्तर आहे. एकच काळजी घ्या: फाइलच्या *नावातली* वेळ वापरा. कार्ड फॅट पद्धतीचं असतं, त्यात फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने नोंदते आणि ती बहुधा संभाषण संपल्याची असते. इंटरनेटवरच्या थेट फीडशी तुलना तर करूच नका, त्यांना अर्धा मिनिट किंवा जास्तही उशीर असतो.

ओहायोचा_बंड्या

पत्रे सर, धन्यवाद! यातून पुढचंही सुचलं. आपापसातला फरक असा निघाला, पण खरी वेळ? तर तीही रेकॉर्डिंगमध्येच आहे. इथले बरेच डिस्पॅचर प्रत्येक कॉलच्या शेवटी वेळ बोलतात, "चौदा बत्तीस" अशी. ९११ च्या (इथला आणीबाणीचा नंबर) बऱ्याच केंद्रांतली घड्याळं जीपीएसला बांधलेली असतात. एका कॉलवरून मिनिट कळतं, सेकंद नाही. पण रात्रभराचे कॉल एकाखाली एक मांडले की स्कॅनरच्या कुठल्या सेकंदाला 'बत्तीस'चं 'तेहतीस' होतं ते दिसायला लागतं. परवाच्या वादळाचं तसं लावून पाहिलं. गाडीतल्याची तूट ८० च्या आसपासच आली, मोबाईलशी जुळणारी.

जागा बदलायचा प्रयोगही झाला. गाडीतला घरात आल्यावर आठवड्यात जेमतेम सेकंदभर हलला. टेबलावरचा गाडीत जाऊन चार सेकंद मागे. (त्या आठवड्यात थंडी जरा कमी होती.) सर्किटराव, तुमचा अंदाज पक्का निघाला.

आता ठरवलंय ते असं: कार्ड रिकामं करताना स्कॅनरचा पडदा आणि मोबाईलचं घड्याळ एकाच फोटोत घ्यायचं आणि तो फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकायचा. वेळ शक्यतो यूटीसीत, म्हणजे मार्च-नोव्हेंबरला तासाची उडी नको. आणि घड्याळ मध्येच पुन्हा लावायचं नाही, वाहू द्यायचं. सरळ वाहत राहिलं तर हिशेब लागतो, अधूनमधून ढकललं तर नाही.

घड्याळजी_नाशिक

न लावायचं ठरवलंत ते उत्तम. जुन्या जहाजांवरचे क्रोनोमीटर असेच चालवत. काटे हलवायचे नाहीत, रोजची चूक वहीत लिहायची.

सह्याद्रीचा_कान

हॅमच्या परीक्षेचा अभ्यास कुठून सुरू करू? कुणीतरी नवा धागा काढा.

लहरी_हवामान

काढतो. तोवर ओहमचा नियम पाठ करा.